पाइपच्या मशीनचं आतलं तापमान

अंबडच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे द्राक्षबागांसाठी ठिबकचे पाइप बनतात. प्लास्टिकचे दाणे हीटरनं तापवलेल्या एका जाड पोलादी नळीत वितळतात आणि आतला स्क्रू फिरत फिरत त्यांना पुढे ढकलतो. त्या रसात थर्मामीटर घालायची सोय नाही, स्क्रू त्याचा चुरा करेल. म्हणून नळीच्या भिंतीत सेन्सर बसवायचे आणि तिथवर पोचलेल्या उष्णतेवरून आतलं तापमान गणितानं उलटं शोधायचं. हे माझं काम.

परवा गणित सांगत होतं, की आतलं प्लास्टिक नळीपेक्षा बरंच जास्त तापलंय. मॅनेजर पॅनेलकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, हीटरच एवढा गरम नाही, मग प्लास्टिक कशानं तापेल?"

"सर, स्क्रूच्या घुसळणीनं. पॅनेलवरचा आकडा नळीचा आहे, प्लास्टिकचा नाही."

ते हसले. उलट्या गणितात बाहेरची बारीकशी चूक आत मोठी होऊन बसते, हे मीच त्यांना कधीतरी समजावलं होतं. नेमकं तेच त्यांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलं.

दुपारनंतर पाइप खरखरीत निघू लागला, जळका वास सुटला, तेव्हा स्क्रूचा वेग गुपचूप कमी झाला.

घरी आले आणि पर्स सोफ्यावर आदळली. आईनं लालबुंद चेहरा पाहून माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप तर नाही," ती म्हणाली. "साहेबाशी वाजलं?"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.