सुनंदाचं गालगुंड

आजही लिंबू कापलं की त्या वासानं मला महाडचा तो दवाखाना आठवतो. कॉलेजात असताना माझ्या खोलीत राहणाऱ्या सुनंदाचा उजवा गाल भाकरीसारखा फुगला होता. आम्ही सगळ्या मैत्रिणी अक्कलदाढ म्हणत होतो. पोलादपूरहून तिची आई धावत आली आणि आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लिंबाची फोड चाखायला दिली, तशी सुनंदा कळवळली.

“गालगुंड आहे,” डॉक्टर म्हणाले. “दोन-तीन आठवड्यांपूर्वी कुणाचं उष्टं प्यायलीस?”

“नाय हो,” आई म्हणाली, “ती कुणाशी बोलत पण नाय.”

मी भाबडेपणानं सांगून टाकलं, “वर्गातल्या प्रकाशला झालं होतं. पण तो मुलांच्या बाकावर बसतो.”

सुनंदाचा न सुजलेला गालही लाल झाला. “एकदाच,” ती पुटपुटली, “एका ग्लासातून सरबत.”

मला हसू आवरेना. ती तेव्हा किती घाबरली असेल, हे आज कळतं. डॉक्टर सांगत होते, पाच दिवस वेगळी खोली, वेगळं ताट-भांडं, खोकताना तोंडावर रुमाल. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, “ते करू, डॉक्टर. पण पोरगा कुठला हाय?”