चौथी खूण

“बुढीनं सरकारचे गोटे उपटले, अन् वरून म्हणते, चहात साखर कमी टाका.”

हवालदार थान्यातल्या लेखनिकाला, मुंशीला, सांगत होते. मी व्हरांड्यातून आत आले तसं दोघांचं हसणं थांबलं. हे नेहमीचं होतं. त्या प्रकरणाबद्दल कोणी विचारलं, की मला सगळ्यात आधी हे वाक्य आठवतं, आणि मग बाकावर बसून बशीतून चहा पिणारी ती बाई.

मी आता पोलीस खात्यात नाही. अशा आठवणी सहसा पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेले अधिकारी लिहितात. मी मधूनच राजीनामा दिला. का दिला, ते इथे लिहिणार नाही. नावंही कोणाची लिहिणार नाही.

बालाघाट जिल्ह्याच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला एका थान्यात मी उपनिरीक्षक होते. तिथले लोक लग्नाच्या खरेदीला गोंदियाला जातात आणि कोर्टाच्या तारखेला बालाघाटला. मी वाढले मलाजखंडला, खाणीच्या कॉलनीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, मराठी फक्त घरात. गावातली मराठी मला पूर्ण समजायची, पण बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या गोष्टीवर गेलेला असायचा. म्हणून मी ऐकायचे. तपासाला ते उपयोगी पडतं. राहायला मात्र अवघड जातं. थान्यामागच्या क्वार्टरमध्ये जेवताना मी मोबाइलवर बातम्या लावून ठेवायचे. त्या ऐकत नसे, पण कोणाचा तरी आवाज असावा एवढंच.

तर ती बाई. गाव तिला काकी म्हणायचं. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गोंदियाकडे गेलेली. रस्त्यालगतच्या सरकारी पडीक जागेवर धान खरेदीचं गोदाम बांधायचं ठरलं होतं. त्यासाठी एका खाजगी सर्वेक्षण कंपनीकडून सीमांकन झालं. उपग्रहाच्या चित्रावर पटवारी नकाशा, म्हणजे तलाठ्याकडचा गावाचा जुना नकाशा, बसवून त्यांनी दगड रोवले. त्यातले काही काकीच्या अंगणात आले. तिचं अर्धं घर आणि विहीर सरकारी जागेत निघाली. थोड्याच दिवसांत दगड गायब झाले, आणि गावातून फोनवर खबर आली की ते तिनेच उपटले. आरोपी स्त्री असल्यामुळे तपास माझ्याकडे आला.

जप्तीला गेलो तेव्हा दगड तिच्या दारात एकावर एक रचून ठेवलेले होते.

“सरकारचे आहेत. मोजून न्या,” ती म्हणाली.

थान्यात तिची चौकशी मी करायची होती, पण सुरुवात हवालदारांनी केली. केस पांढरे झालेला माणूस, सगळ्या गावांना ओळखणारा.

“काकी, काहून उपटले?”

“माह्या अंगणात रोवले म्हणून.”

“ते सरकारचे होते न.”

“मंग सरकारच्या अंगणात रोवाचे.”

मुंशी लिहिता लिहिता हसला. मी विचारलं, “घरी कोण आहे?” ती माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघत म्हणाली, “कोंबड्या आहेत. तुह्या घरी कोण आहे, बाई?”

मी नोटिशीचा कागद पुढे ओढला. नोटीस देऊन आम्ही तिला घरी पाठवलं.

थाना प्रभारी साहेबांच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. “बाई खुद मान रही है। चालान लगाओ।” म्हणजे आरोपपत्र दाखल करा. तहसील कार्यालयाचं पत्रही आलं होतं. अतिक्रमण हटवायचं आहे, पोलीस बंदोबस्त द्यावा. बंदोबस्ताला स्त्री अधिकारी हवी, म्हणून तिथेही माझंच नाव. म्हणजे तिने दगड उपटले हे मी सिद्ध करायचं, आणि तिचं घर पाडताना तिला हाताला धरून बाजूला मीच उभं करायचं.

घटनास्थळाच्या पंचनाम्याच्या दिवशी पटवारी उशिरा येणार होता. मी रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसले. हवालदार पान खायला गेले होते. माझ्याशी गप्पा मारायला कोणी येत नसे, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले.

गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. डांबराच्या कडेला एका जागी थांबली, चप्पल काढली, कपाळाला हात लावला आणि पुढे गेली. तिथे काही नव्हतं. मैलाचा दगड नाही, झाड नाही. मग सायकलवरची एक मुलगी आली. तिने हँडलवरचा एक हात सोडून तिथेच कपाळाला लावला. मोटरसायकलवरच्या माणसाने वेग कमी केला, मान झुकवली. पुढे काकीच्या घराच्या बाजूला, रस्त्यापासून दोन शेतं आत, खेरमाईचं ठाणं होतं. खेरमाई म्हणजे गावाची राखण करणारी देवी. सिमेंटचा ओटा, नवा शेंदूर, लाल झेंडे. भारा घेतलेली बाई तिकडे वळून पुन्हा पाया पडली. एक नमस्कार देवीला हे कळत होतं. दुसरा कोणाला?

पंचांपैकी एकाला विचारलं, “त्या कडेला काय आहे?”

“काही नाई, मॅडम.”

“मग हात का जोडतात?”

“सवय.”

पोलिसाला हे उत्तर दिवसातून अनेकदा मिळतं. मी ते पंचनाम्यात लिहिलं नाही, पण ते मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी बालाघाटला कोर्टाचं काम होतं. ते आटोपून मी सर्वेक्षण कंपनीच्या ऑफिसात गेले. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. संगणकावर माझ्याच वयाचा एक जण होता, जबलपूरचा. वागायला सरळ. बहुधा त्याच्याकडेही कोणी येत नसावं, कारण त्याने मला सगळं अगदी मन लावून दाखवलं. आधी उपग्रहाचं चित्र सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं. मग पटवारी नकाशा स्कॅन करून त्याची फाईल घ्यायची. ती नुसती कागदाची प्रत असते, आपण जमिनीवर कुठे आहोत हे तिला माहीत नसतं. म्हणून दोन्हीकडे दिसणाऱ्या खुणा शोधायच्या, नकाशातल्या खुणेवर क्लिक, चित्रातल्या खुणेवर क्लिक, आणि नकाशा ताणून चित्रावर बसतो. गावाच्या सीमेचे जुने दगड रस्त्याच्या कामात गेले होते. त्यामुळे त्याने तीन खुणा घेतल्या होत्या: तलावाच्या पाळीचा कोपरा, नाल्याचं वळण, आणि खेरमाई.

पडद्यावर धानाच्या बांध्या, बांध घातलेले शेताचे तुकडे, स्पष्ट दिसत होत्या. त्यांच्यावर नकाशाच्या पिवळ्या रेषा. तलावाकडे रेषा बांधांवर बरोबर बसल्या होत्या. रस्त्याकडे येता येता त्या सरकत गेल्या होत्या.

“हे असं का?” मी विचारलं.

“लोग मेड़ खिसका लेते हैं, मैडम। सब जगह यही है।”

मी बराच वेळ बघत राहिले. काकीचा बांध सरकलेला, तिच्या शेजाऱ्याचा सरकलेला, त्याच्या शेजाऱ्याचाही, सगळे एकाच दिशेला. बांध चोरणारा शेतकरी शेजाऱ्याच्या जमिनीत शिरतो, आणि शेजारी गप्प बसत नाही. आमच्या थान्यात अर्धे अर्ज त्याचेच असायचे. इथे सगळ्यांनी मिळून, काहीही भांडण न करता, एकाच बाजूला चोरी केली होती.

“एक चौथी खूण टाकता येईल? तिची विहीर जुन्या नकाशात आहे.”

“ज़रूरत नहीं। देखिए, एरर ज़ीरो है।”

“नकाशा ताणून त्याच तीन खुणांवर बसवलाय, मग शून्य येणारच ना?” मला खात्री नव्हती, म्हणून आवाज बारीक आला.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विहिरीवर क्लिक केलं. शून्य गेलं आणि मोठा आकडा आला. नकाशातली विहीर खऱ्या विहिरीपासून पार शेजारच्या बांधीत पडत होती. तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, “नक़्शे में कुआँ ही ग़लत बना होगा।”

तेही शक्य होतं. चार साक्षीदारांपैकी एक खोटं बोलतो आहे एवढं कळलं होतं, कोण ते कळलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर रस्त्याची ती रिकामी कड होती.

मी गावात गेले. सरपंचाला विचारलं, शाळेच्या गुरुजींना विचारलं, देवीचं ठाणं हलवलं होतं का? सगळ्यांचं एकच उत्तर: माय इथंच आहे. चेहऱ्यावर भीती नव्हती, लपवाछपवी नव्हती. काकीलाही विचारलं. तिचं घर जाणार होतं, तरी तीही तेच म्हणाली. मी हवालदारांना म्हटलं, हे लोक खोटं बोलत आहेत. ते म्हणाले, “मॅडम, मायबद्दल कोणी खोटं नाई बोलत. बाकी कशाबद्दलही बोलतील.”

देवीचा पुजारी ओट्यावर झाडू मारत होता. मी चप्पल काढून खाली बसले. मनात वाक्य जुळवलं आणि विचारलं, “बाबा, रस्त्याच्या कडेला सगळे हात जोडतात, ते कोणाला?”

“मायले.”

“माय तर इथे आहे.”

“बसली इथं. जागा तिची तिथली.”

“तिथून कधी उठली?”

“सडक मोठी केली तवा. ठेकेदाराचं मशीन आलं. माय आपल्या मनानं उठली, आपल्या पायानं इथं आली.” त्याने झाडू खाली ठेवला. “मायले आमी हलवलं असं कोणी म्हणाचं नाई, असं गावानं ठरवलं. देवाले कोणी हलवते का, बाई?”

जुन्या नकाशातली खेरमाई रस्त्याच्या कडेला होती. उपग्रहाच्या चित्रातली खेरमाई काकीच्या घराच्या बाजूला आलेली होती. संगणकाने जुनीला धरून नवीवर आणलं होतं, आणि तिच्या मागोमाग सरकारी पडीकही काकीच्या अंगणात ओढली गेली होती. नकाशा करणारा खोटारडा नव्हता, गाव खोटारडं नव्हतं, काकीने तर पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. कोणाच्या खऱ्याला दुसऱ्याचं खरं भेटलंच नव्हतं.

मी पुजाऱ्याचा जबाब नोंदवला आणि टिपण साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं. “तुम्हारी बात में दम है। पर नक़्शा राजस्व का मामला है। हमारा काम बंदोबस्त।” महसुलाचा विषय म्हणून टिपण तहसीलला गेलं. उत्तर आलं नाही. जेसीबी आला.

पुढचं आधी सांगून टाकते. फेरमोजणी झाली. रस्त्याची जुनी कड आणि विहीर धरून नकाशा बसवला, तेव्हा पिवळ्या रेषा बांधांवर जाऊन बसल्या. काकीचं घर तिचंच निघालं. चुकीच्या जागचे दगड काढले म्हणून तिच्यावर खटला चालवण्यात अर्थ उरला नाही. मला वरून विचारणा झाली, तिचं उत्तर मी लेखी दिलं. थान्यात त्यावर कोणी काही बोललं नाही, निदान माझ्यासमोर नाही.

या प्रकरणाने मला तपासाबद्दल एक गोष्ट शिकवली. सगळं ‘चूक शून्य’ म्हणून जुळतं तेव्हा अजून कोणालातरी विचारायचं राहिलेलं असतं. दुसरी गोष्ट माझ्याबद्दलची आहे. मला वाटायचं, नीट बघितलं आणि नीट लिहिलं की आपलं काम झालं. लिहिलेलं कोणीतरी वाचेल, मग आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

जेसीबी आला त्या सकाळी काकीने भांडी खाटेवर काढून ठेवली होती. कोंबड्या टोपलीखाली झाकल्या होत्या. ती उंबऱ्यावर बसली होती, ओरडत नव्हती. गाव बांधावर उभं होतं. तहसीलचे साहेब घड्याळ बघत होते. जेसीबीवाल्याने इंजिन सुरू केलं, आणि साहेबांनी मला हाताने खूण केली: बाईला उचला.

मी तिच्यापर्यंत गेले. दोन महिला शिपाई माझ्या मागे होत्या. काकीने वर पाहिलं आणि सरकून उंबऱ्यावर मला जागा करून दिली. मला पाहुणी समजून. मी बसले नाही. मी वळले. वाक्य मनात जुळवत बसले तर मशीन पोहोचेल, हे दिसत होतं. म्हणून पहिल्यांदाच न जुळवता बोलले, मराठीतच, बांधावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.

“साहेब, पोलीस बंदोबस्त मी काढून घेते आहे. कारण विचारा, सगळ्यांसमोर सांगते.”