पिवळी ज्योत
मी आणि बायकोने मिळून शेवटचं केलं ते काळं पातेलं घासणं. ती घासत होती, मी पाणी ओतत होतो. मुलाने हौसेने ओटा कापून नवी शेगडी बसवली होती, दोन बर्नर गॅसचे आणि बाजूला विजेवर तापणारी काच. गॅसची ज्योत पहिल्या दिवसापासून पिवळी. बसवणारा दोनदा येऊन म्हणाला, “आजींना वापरता येत नाही.” मीही वटार गावी तिच्या बहिणीच्या ओटीवर चारचौघांत हसून तेच बोललो. पातेलं पालथं घालताना ती म्हणाली, “माझंच चुकत असेल.” पहाटे झोपेतच गेली. तेराव्यानंतर दुसरा माणूस आला, त्याने बर्नर उचलून खालचा गॅस सोडणारा बारीक भोकाचा जेट पाहिला. “काका, तुमच्याकडे सिलिंडर, आणि जेट लावलाय पाइपच्या गॅसचा. काजळी धरणारच.” त्याने जेट बदलला, ज्योत निळी झाली. माझं डोकं फिरलं. पहिल्याला फोन केला तर म्हणतो, “होतं असं कधी कधी.” होतं कसं? बाई स्वतःला अडाणी समजत मेली. पण त्याला शिव्या घालून मी थोडाच सुटणार होतो? दुसऱ्या दिवशी सकाळी वटारला गेलो आणि त्याच ओटीवर, पाणी घ्यायच्या आधी, सगळ्यांना सांगितलं की तिचं काही चुकलं नव्हतं.