गाऱ्हाणे घालणाऱ्याचा दात

दर सहा महिन्यांनी दात तपासून घेणे हे सुज्ञ माणसाचे कर्तव्य आहे. कट्टा गावच्या दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर त्या दिवशी मला धरून एकही सुज्ञ नव्हता. सगळ्यांचेच गाल सुजलेले. शेजारचे म्हातारे गृहस्थ पुढचा हलता दात जिभेने सारखा चाचपत होते. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे मागणे मागण्याचा, मान त्यांचा; त्यांच्या प्रत्येक मागण्याला गाव साथ देई.

"डॉक्टरान गेल्या वर्साच सांगल्यान, दात तपासून घेवा. पण दुखत नाय तर दाखवूचा कित्याक?" ते मला म्हणाले. "आता ह्यो दात गेलो तर माझा गाऱ्हाणा देवाक समाजतला काय?"

त्यांना आत बोलावले. दारातच थांबून त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझो दात ऱ्हवंदे!"

"व्हय म्हाराजा!" बाकावरून आम्ही सुजल्या तोंडांनी साथ दिली.

डॉक्टरांनी दात काढला.