डिकीवरच्या दोन थापा

मंडळी, आधीच सांगते, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. भूत, चकवा, अंगात येणं... पोरांनी असलं काही काढलं की मी एका शब्दात निकाल लावते — "थापा!" आज लिहायची वेळ माझ्यावरच आलीय, आणि गोष्टही नेमकी थापेचीच आहे. हसा खुशाल.

मी तळोद्याला राहते, शाळा खापर गावाकडे. जाणं-येणं जुन्या सेकंडहँड गाडीनं. गाडी मीच चालवते. आमच्या ह्यांना स्टेअरिंग धरताही येत नव्हतं. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. पण मी रिव्हर्स टाकला की मागे उभं राहून हुकूम यांचे — "येऊ दे... येऊ दे... आखो येऊ दे..." आमच्या फाटकासमोर, गल्लीपलीकडे जिजीचा सिमेंटचा ओटा आहे. जिजी म्हणजे समोरच्या म्हाताऱ्या बाई. ओटा वीतभर राहिला की हे डिकीवर दोन थापा मारायचे. थप-टक... थप-टक. त्यातला 'टक' अंगठीचा. वाइंडिंगमधून उरलेली तांब्याची तार वळून ती त्यांनी स्वतःच केली होती. मी रोज ओरडायची, "अहो, हळू! रंग उडेल." दुसऱ्या दिवशी तेवढ्याच जोरात.

दीड वर्षापूर्वी हे गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, आणि दुपारी दवाखान्यातल्या नर्सनं कागदाच्या पुडीत ती अंगठी माझ्या हातावर ठेवली.

शाळेत पुन्हा रुजू व्हायच्या दिवशी मी गाडी मागे घेतली आणि थापेची वाट बघत राहिले. सवयच ती. ओट्यावर आदळले तेव्हा कळलं, मागे आता कुणी नाही. बंपरच्या उजव्या कोपऱ्यातला लाल रिफ्लेक्टर फुटला.

तो मी तसाच ठेवला. बदलावासा वाटेना. मी त्यांची वाट बघितली होती, एवढं तरी त्या तड्यांत शिल्लक होतं. शेवटी गेल्या महिन्यात गॅरेजवाल्या भटूभाऊंनी हटकलंच, "मांगेथून येनाराले गाडी दिसाव नही, ताई. बदली टाका आते." त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं फुटकं प्लास्टिक उचकटलं, खाचेतली माती फडक्यानं पुसली, नवा रिफ्लेक्टर अंगठ्यानं दाबला, की बसला. पाच मिनिटांचं काम. जुने तुकडे मी रुमालात बांधून घेतले. भटूभाऊंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी, सकाळचे साडेनऊ. लख्ख ऊन. गल्लीत चिटपाखरू नाही, फक्त जिजी दारात बसून तूर निवडत होती. मी रिव्हर्स टाकला. मनात घंटा, हजेरी, नववीचा पेपर... लक्ष नव्हतंच, कबूल करते.

थप... थप.

डिकीवर. दोनदा. पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी उतरले. मागे कुणीही नाही. नवा रिफ्लेक्टर आणि ओटा यांच्यात बरोब्बर एक वीत.

तेवढ्यात जिजी. तिला मोतीबिंदूमुळे दिसतं कमी, पण कान तिखट. "कोन शे व माय गाडीमांगे?"

"कुणी नाही जिजी. तुम्हाला ऐकू आलं?"

"आयकू उनं म्हनीसन तं इचारस." तिचा सुपातला हात थांबला. मग हळूच म्हणाली, "थाप तं तीज व्हती. पन आंगठी नही वाजनी."

मी तिथंच ओट्यावर बसले. कारण ते खरं होतं. 'टक' नव्हता. कसा असेल? अंगठी तर माझ्या कपाटात होती, त्याच कागदाच्या पुडीत.

त्या दिवशी शाळेत गेलेच नाही. विज्ञानाची बाई म्हणून जे सुचलं ते सगळं केलं. डिकीचं झाकण हलवून पाहिलं, स्टेपनी काढून बघितली, भटूभाऊंकडून गाडी खालून तपासून घेतली. सैल काहीच नव्हतं. वर झाड नाही, की काही पडावं. आणि समजा माझ्या कानांना भास झाला... मग जिजीच्या?

पुढच्या सकाळी मी अंगठी पुडीतून काढली आणि ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवली. जिजी आत देवपूजेत होती. गाडीच्या चारही काचा खाली केल्या. रिव्हर्स टाकला. "येऊ दे... येऊ दे..." मीच पुटपुटत होते. हातभर... वीतभर... चार बोटं...

खट्!

रिफ्लेक्टर पुन्हा फुटला. अंगठी ओट्यावर होती तशीच.

भटूभाऊंनी कपाळाला हात लावला. "काय ताई! आरसामा ओटा नही दिसना का?"

"दिसला की," म्हटलं. याहून जास्त त्यांना काय सांगणार!

थाप त्यानंतर आलेली नाही. त्या सकाळी जिजीनं आणि मी काय ऐकलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा... पण ते डिकी सैल असल्याचं नको, मी बघितलंय.

बंपरला आता तिसरा रिफ्लेक्टर आहे. मी रोज सकाळी अंगठी ओट्यावर ठेवते, काचा खाली करते आणि गाडी मागे घेते. आरशात ओटा अगदी स्वच्छ दिसतो. तरी ब्रेकवर पाय ठेवायला मी जरा उशीर करते.