बॉनेटवरची जागा

ओमानच्या नोकरीसाठी कणकवलीहून निघालो त्या दिवशी एसटी खचाखच भरली होती आणि चालवत होते माझे वडील. आप्पांनी मला बॉनेटवर बसवलं. "विमानवाल्या, आज लाल डब्यातनं चल. पुढे आम्हाला भेटायला उडत ये." गाडी कितीही भरो, अडलेल्या माणसाला आप्पा मागे ठेवत नसत. बॉनेटवर जागा व्हायचीच. त्या ड्रायव्हरकीवरच मी घरातला पहिला पदवीधर झालो.

ओमानच्या वाळवंटात, पक्क्या रस्त्यापासून लांब, एक छोटी विमान कंपनी उभी राहत होती, तिथे मी लागलो. धावपट्टीवरचे दगड आम्ही हातांनी वेचले. विमान इतकं लहान, की प्रत्येक प्रवाशाला सामानासकट वजनकाट्यावर उभं करायचं. तो काटा माझ्याकडे होता.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी आईचा फोन आला. "आप्पांना श्वास लागलाय. तुझंच नाव घेतायत." मस्कतपर्यंतची एक सीट मला मिळाली. मी काट्यावर चढलोसुद्धा. तेवढ्यात उद्घाटनाच्या समारंभात अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या मालकाला, बसायला आणलेली जड मखमली खुर्ची चढवायला आली. ती मस्कतच्या हॉटेलला त्याच दिवशी परत जायची होती. दोघांचं वजन विमानाला झेपेना.

आमचा मराठी मॅनेजर म्हणाला, "तू घरचाच माणूस. समजून घे. उद्या पाठवतो, इन्शाल्ला."

वसईचा फ्रान्सिस सामान चढवत होता. तो भडकला. "काय साहेब, खुर्चीचा बाप मरायला टेकलाय काय?"

खुर्ची गेली. मी पाण्याच्या टँकरमधून मस्कत गाठलं. गावी पोचलो तेव्हा चुलतभावाने अग्नी दिलासुद्धा होता.

या नोकरीने बहिणीचं लग्न केलं, मुलीला शाळा दिली. ते मी विसरत नाही. पण मस्कतमधल्या बौशरच्या ऑफिसात पहिल्या उड्डाणाचा फोटो लावलाय, त्यात फितीमागे ती खुर्ची दिसते, आणि वर्धापनदिनाला मी 'गोड आठवणी' सांगाव्यात म्हणे! कसल्या गोड?

आता विमान भरणं माझ्या हातात आहे. दार लागेपर्यंत एका माणसाचं वजन मी मोकळं ठेवतो. साहेब ओरडतात, "लॉस होतो!" होऊ दे. गेल्या महिन्यात एक प्लंबर धावत आला, त्याची आई सीरियस होती. त्याला काट्यावर घेतलं आणि म्हटलं, "यल्ला, चढ."

गावच्या घराला कुलूप आहे, आई बहिणीकडे असते. मुलगी विचारते, "बाबा, आपलं होम नक्की कुठे?" मला आप्पांचं बॉनेट आणि विमानात मी मोकळी ठेवलेली ती जागा आठवते. ती कुठल्याही अर्बाबच्या खुर्चीला मी देणार नाही.