गणपती वजन तलवार

माझं शिक्षण निजामाच्या काळातलं. दोन इयत्ता, त्याही उर्दू. मराठी अक्षरं मी पुढं पूर्णेला रेल्वेत गँगमन लागल्यावर ठेसनावरच्या पाट्या बघून शिकलो. तेव्हा शिकवायच्या भानगडीत मी पडायलाच नको होतं. पडलो, कारण बायको मेली.

घरात शिकवायची ती. सहीच्या जागी अंगठा लावणारी बाई, पण नातीला शब्दाचे तुकडे पाडायला तिनंच लावलं. भाकरी थापताना एका थापेला एक तुकडा. भा, क, री.

"शेळीतला पहिला तुकडा ठेव, बाकीचा फेक. काय उरलं गं?"

"शे!"

मी बाजेवरून हसायचो. "स्वतःला ओ का ठो येत न्हाई, अन् पोरीला मास्तरकी करायलीस."

"तुमाला येतंय ना, मग शिकवा की. नुसतेच बाजेवर फुसफुसायलाव."

पावसाळा सरता सरता ती गेली. नात तेव्हा पहिलीत. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती, त्या गडबडीत शाळा बरेच दिवस बंदच राहिली. उघडली तेव्हा गुरुजींना घाई झाली, आणि घाईत त्यांनी पोरांना एकच काम दिलं, ओरडा. ग गणपतीचा, व वजनाचा, त तलवारीचा, न नळाचा, ळ बाळाचा. पोरं ओरडली की गावाला वाटायचं, शाळा लय जोरात चालू हाय. तेवढ्यात गुरुजींचं पान लावून व्हायचं.

एक दिवस मी पुस्तकातल्या 'गवत' या शब्दावर बोट ठेवलं. "वाच."

पोरगी धडाधड म्हणाली, "गणपती वजन तलवार."

"अन् हे?" तिथं 'नळ' होतं.

"नळ बाळ."

घरात शेळ्या, त्यामुळं गवत काय असतं हे त्या पोरीला सांगावं लागत नव्हतं. पण पुस्तकातल्या गवतात शाळेनं देव बसवला, वजन ठेवलं, वर तलवार खोचली. शेळीनं काय खावं? ळ तर बिचारा. त्याच्यानं एकही शब्द सुरू होत न्हाई, म्हणून त्याला बाळाच्या शेपटाला बांधलेला.

"आबा, ळ बाळाचा, तर बाळ ब नं कसं सुरू व्हतंय?"

"गुर्जीला विचार."

"विचारलं. छडी दिली."

मी शाळेत गेलो. गुरुजी म्हणाले, "बाबा, पोरगी कच्ची आहे. परीक्षेत एक ओळ वाचली नाही, तर पहिलीतच बसंल."

"तुमी शिकवलं तेच वाचायली की ती."

"मग घरी शिकवा."

लेकाला हे कळलं तर तो खूशच. "पुन्हा पहिली कशाला? शेळ्या राखंल." त्याला राखोळीला माणूस हवंच होतं.

म्हणून मी परातीपुढं बसलो. सून रानात गेलेली असायची. माझी भाकरी कधी गोल झाली न्हाई, उचलली की फाटायची. "एक थाप, एक अक्षर," मी म्हणायचो. पोरगी थाप मारायची आणि म्हणायची, "गणपती." चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी लय ओरडलो.

ती म्हणाली, "आबा, आजीवानी करा की. पहिला तुकडा ठेवायचा, बाकीचा फेकून द्यायचा."

मला पिठाचे हात धुवायला बाहेर जावं लागलं. वेळ लागला.

आत आलो तेव्हा तिनं गणपतीतला ग ठेवला होता, वजनातलं जन फेकलं होतं आणि तलवारीशी झटापट चालली होती. "ग. व. त." थांबली. पुन्हा थापलं, जरा भराभर. मग किंचाळली, "आबा! हे तर आपलं गवत हाय!"

परीक्षेत गुरुजींनी पुस्तक उघडलं. पोरीनं मांडीवर थापा मारत अख्खी ओळ वाचली.

"हात कशाला आपटायलीस?"

"भाकरी करायले, गुर्जी."

गुरुजींना काही कळलं न्हाई, कळायची सवयही नव्हती. पण दुसरीत घातली. वर गावभर सांगत सुटले, "बघा, आमच्या ओरडण्याचा निकाल!"

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी लेकानं शेळ्यांची काठी आणून माझ्या बाजेला टेकवली. म्हणाला, "पोरगी तर शाळेला चालली. आता तुमीच जावा."

गेलो.